खरातमामांची अपुरी यादी

आमच्या घरात कुणाला ताप येवो, मोबाईल गरम होवो, फ्रीजच्या मागून वास येवो, मी आधी उलटा हात लावून बघते. नातू हसतो. म्हणतो, "आजी, हाताला सरळ बाजू पण असते." त्याला काय सांगू? ही उलटी बाजू मी एकसष्टाव्या वर्षी शिकले, तुर्भ्याला, सुदाम खरात नावाच्या माणसाकडे. त्याआधीची साठ वर्षं माझे हात म्हणजे बांगड्या अडकवायच्या दोन खुंट्या होत्या.

खरातमामांना कुणी बॅटरीवाला म्हटलेलं खपत नसे. "बॅटरी दुकानात मिळती. मी वायरमन." एवढंच म्हणायचे, पण असं म्हणायचे की समोरच्या ट्रक ड्रायव्हरनं तोंडातला गुटखा थुंकून यावं. ट्रकांच्या रांगेच्या शेवटाला त्यांची पत्र्याची शेड होती. चहूकडे ऑइल, काजळी, टायरची धूळ. आणि त्या सगळ्यात हा माणूस पांढऱ्या, कडक इस्त्रीच्या शर्टात. बाह्यांची घडी अशी की भाजी चिरावी. शेडमध्ये भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, फोटोपाशी रोज ताजं फूल, फोटोखाली फळीवर जुनी वजनदार इस्त्री. सकाळी आल्या आल्या शेडमध्येच शर्टाला इस्त्री करायचे, मग कुलूपबंद पेटी उघडायचे.

मी एकदा विचारलं होतं, "मामा, दुपारपर्यंत काळाच होणार ना तो? मग एवढा थाट काहून?" 'काहून' हा शब्द मी त्यांचाच उचलला होता. ते जालन्याकडचे.

"आक्का, चुरगळलेल्या मान्साला लोक आधी काम सांगतात, मग नाव इचारतात," ते म्हणाले. मग फोटोकडे मान वळवली. "त्यांनी कोट काय थंडी वाजत होती म्हणून घातला?"

मी आपला पदर सारखा केला.

आता आमची गाठ कशी पडली ते सांगते, म्हणजे माझा मूर्खपणा सांगणं आलं. आमची पिकअप मोठ्या जातीची. माझे मालक होते तेव्हा तिनं भाजीची पोती ओढली, ते गेल्यावर मांडवाचे लोखंडी खांब ओढले, आणि मग वर्षभर सानपाड्याच्या घरासमोर ती नुसती उभी होती. मी तिच्या टपावर मिरच्या वाळत घालत होते. मुलगा जहाजावर, सहा-सहा महिने पाण्यात. घरात मी आणि सून प्रणाली. ती वाशीच्या एका ऑफिसात कामाला होती. एक दिवस घरी आली, चप्पल काढली आणि म्हणाली, "आई, नोकरी सोडली. आता गाडी काढायची."

"कनची गाडी?"

"मिरच्यांची."

बेत असा होता. तळोज्याच्या एका कारखान्याला फाटकाच्या आत नाश्त्याची गाडी हवी होती. कायमची जागा. पण आधी एक दिवस करून दाखवायचं. नाश्त्याची सुट्टी अर्ध्या तासाची. ती संपल्याचा भोंगा वाजायच्या आत पहिल्या पाळीतल्या प्रत्येकाच्या हातात ताटली पडली, तर जागा आपली. एक जरी माणूस उपाशी मशीनवर गेला, तर गाडी फाटकाबाहेर. नोकरी तर सोडून झालेली. मागं फिरायला रस्ता नव्हता आणि पुढं होतं फाटक.

"नाश्त्याला काय देनार?" मी विचारलं.

"तुमचे घावन."

मी एकसष्ट वर्षांची अल्लड पोर. तिथल्या तिथं हुरळले. घावन म्हणजे आमच्या आगरी घरातलं राज्य. तांदूळ भिजवायचे, वाटायचे, लगेच तव्यावर ओतायचे. लुगड्याच्या जुन्या पदरासारखं पातळ, जाळीदार उतरलं पाहिजे. पण ते पीठ थांबत नाही. घरून वाटून नेलं आणि तळोज्यापर्यंतच्या उन्हात, ट्रकांच्या गर्दीत डचमळलं, की आंबूस होतं, तव्याला धरून बसतं. म्हणजे वाटायचं तिथंच, गाडीत. गाडीत वाटायचं तर गाडीत वीज पाहिजे.

वीज होती म्हणा. मुलानं सीटखाली एक छोटा इन्व्हर्टर बसवला होता, बॅटरीच्या विजेची घरातल्यासारखी वीज करणारा डबा. त्याच्यावर मोबाईल चार्ज व्हायचा आणि एक पंखा चालायचा, तोही वाऱ्याची मदत घेऊन. आम्ही त्याला घरचा दगडी ग्राइंडर जोडला. ग्राइंडरनं एक उसासा टाकला आणि इन्व्हर्टरनं मान टाकली.

"मोठा बसवायला लागेल," प्रणाली म्हणाली. "तुर्भ्याला एक खरातमामा आहेत म्हणतात. त्यांना विचारू."

विचारायचं कशाला? मला सगळं कळत होतं! दुसऱ्याच दिवशी तिला न सांगता मी बाजारात गेले आणि एक इन्व्हर्टर उचलून आणला. लालभडक खोका, त्याच्यावर विजेचा लोळ, लोळाच्या खाली भल्या मोठ्या आकड्यात पाच हजार वॅट. दुकानदार म्हणाला, "मावशी, यावर लग्न लावा." मी खोका बगलेत मारला, रिक्षात बसले आणि परस्पर खरातमामांच्या शेडपाशी उतरले. तिथून फोन केला, तशी मागून पिकअप घेऊन प्रणाली आली. तिचा चेहरा बघण्यासारखा होता, पण मी विजयी मुद्रेत होते, मला दिसलं नाही.

"ह्यो जोडून द्या," मी म्हणाले. "तार हाय, डबा हाय, गाडी हाय. दहा मिनटांचं काम."

मामांनी खोका माझ्या हातातून घेतला. उघडला नाही. नुसता वर-खाली केला, बाजारात कोबीचा गड्डा जोखतात तसा.

"कसं आणलं हे?"

"कसं म्हंजे? बगलेत."

"एकट्यानंच?"

"मग! काय झालं, म्हातारी वाटले का तुमाला?"

"नाही आक्का. पन ह्याच्यात पाच हजार वॅटचं तांबं असतं ना, तर तुम्ही ते बगलेत मारून आल्या नसत्या. ते उचलायला तुमाला मी लागलो असतो." त्यांनी खोका अलगद माझ्या हातात परत ठेवला. "चित्र मातर झकास आहे."

प्रणाली फिस्सकन हसली. माझा जो पारा चढला! मी त्यांना ऐकवलं की आमच्या घरात ट्रॅक्टर होता, गाडी होती, मालकांच्या हाताखाली मी तीस वर्षं काढली, तुम्ही फक्त जोडा, बाकीचं मी बघते. मामा शांतपणे सगळं ऐकून घेत होते. माझा दम संपल्यावर म्हणाले, "जोडतो. पन एक अट. गाडीत तुम्ही बसायचं. ह्या पोरीला बसवायचं नाही."

झालं. एवढ्या एका वाक्यात त्यांनी माझा ट्रॅक्टर, गाडी आणि तीस वर्षं खाली उतरवली. खोका परत गेला. दुकानदारानं तो परत घेताना माझ्या लग्नाची चौकशी केली, ते जाऊ दे.

मग सुरू झाली ती यादी.

शेडच्या पाटीवर नावाखाली लिहिलेलं होतं, 'आधी यादी, मग वायर'. मामा गाडीला हात लावायच्या आधी गिऱ्हाइकाला बाकावर बसवायचे, चहा सांगायचे, खिशातून घडी केलेला कागद काढायचे आणि गाडीत काय काय चालवणार ते लिहून घ्यायचे. अक्षर टपोरं, एकेक ओळ आखल्यासारखी. लिहून झालं की विचारायचे, "अजून?" आपण नाही म्हटलं की चहाचा घोट घेऊन पुन्हा, "अजून?" आणि तिसऱ्यांदा, अगदी हळू आवाजात, "अजून काही?"

"सगळ्यांना तीनदा इचारता का?" मी म्हटलं.

"तीनदा इचारूनबी लपवतात. देवासमोर बोलत नाहीत इतकं खोटं लोक ह्या कागदासमोर बोलतात. एका भजनी मंडळाची गाडी केली. यादीत पेटी, माइक, स्पीकर, दिवे. पयल्याच कार्यक्रमाला सगळं बंद. जाऊन बघतो तर तबलजीच्या मांडीमागं चहाची विजेची किटली. बुवांच्या गळ्यासाठी, म्हने."

आम्ही पोट धरून हसलो. सगळ्यात जास्त मी हसले. हे लक्षात ठेवा.

आमच्या यादीत चार ओळी आल्या. ग्राइंडर, चटणीचा मिक्सर, छोटा फ्रीज, दिवे. मामांनी प्रत्येकीपुढं ती किती वीज खाते ते लिहिलं. मोटर उठताना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ओढते, मग शांत बसते, म्हणून त्यांनी ग्राइंडरच्या ओळीखाली दोनदा रेघ मारली. मग बेरीज केली, वर थोडी जागा मोकळी सोडली आणि सांगितलं, "दोन हजारवाला बस झाला. पन खरा दोन हजार." नवा इन्व्हर्टर आला तो राखाडी, बिनचित्राचा, आणि मला खरंच उचलता आला नाही.

त्यानंतरचे तीन दिवस म्हणजे माझ्या आयुष्यातली जत्रा! मी रोज डबा घेऊन प्रणालीबरोबर तुर्भ्याला जायची, बाकावर बसायची आणि बघत राहायची. मला वाटत होतं जुना डबा काढायचा, नवा ठेवायचा, झालं. मामांनी आधी जुन्या वायरी सगळ्या ओढून काढल्या. "डबा मोठा केला आन् वायर तीच ठेवली तर काय व्हईल? आग आधी वायरीत लागती." मग अंगठ्याएवढी जाड तांब्याची केबल आली. मागच्या बाजूला दुसरी बॅटरी बसली, फक्त स्वयंपाकाची. म्हणजे घावन घालता घालता गाडीच बंद पडली असं व्हायला नको. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज बसला. आणि त्या फ्यूजच्या शेजारीच टेपनं चिकटवलेला आणखी एक.

"ह्यो कशाला?" मी विचारलं.

"त्याचा भाऊ. एक गेला तर दुसऱ्यानं घर सांभाळावं."

केबल जिथं जिथं पत्र्यातून जात होती तिथं त्यांनी रबराचं कडं बसवलं. एका ठिकाणी कडं जरा सैल बसलं, मला दिसलंही नसतं. त्यांनी पूर्ण केबल मागं ओढली आणि पुन्हा बसवली, त्यात जेवणाची वेळ गेली. त्याच वेळी एक नव्या कोऱ्या गाडीचा मालक, गळ्यात जाड साखळी, बाहेर हॉर्न देत होता. मामा गाडीखालून म्हणाले, "साहेब, यादी लिहून ठेवा तवर." तो म्हणाला, "मी यादी-बिदी करत नाय." "मग हॉर्न तरी नीट आहे तुमचा, येवढं कळलं," गाडीखालून उत्तर आलं. गेला तो तणतणत. दोन दिवसांनी यादी घेऊन आला.

चौथ्या दिवशी परीक्षा. मामांची रीत अशी की गाडी द्यायच्या आधी यादीतलं सगळं एकदम चालू करायचं आणि एक चहा होईपर्यंत बंद करायचं नाही. प्रणालीनं भिजवलेले तांदूळ ग्राइंडरमध्ये टाकले. मिक्सर लावला. फ्रीज गुरगुरला. दिवे लागले. आणि तो दगडी ग्राइंडर, ज्यानं आमच्या दारात उसासा टाकला होता, तो पिकअपच्या पोटात गरागरा फिरायला लागला! उभ्या गाडीत! भर तुर्भ्यात! मी टाळ्या पिटल्या. शेजारच्या ट्रकवरचा क्लीनर वाकून बघायला लागला. प्रणालीच्या डोळ्यांत पाणी आलं, ती म्हणाली मिरचीचं. मिरची अजून डब्यातच होती.

फक्त मामा हसत नव्हते. ते केबलच्या एकेका जोडाला उलटा हात लावत चालले होते. हाताची पाठ ठेवायची, डोळे मिटायचे, पुढं जायचं. मग आम्हालाही बोलावलं.

"लावा. असा नाही, उलटा."

"उलटा का?"

"तळहात कामानं निबर झालेला असतो, त्याला खरं कळत नाही. पाठ कवळी राहती. आन् दुसरं म्हंजे, चुकून करंट असला तर तळहात मूठ आवळून धरून बसंल. पाठ झटका खाऊन सुटंल." त्यांनी माझा हात मनगटाला धरून जोडावर टेकवला. "गार आहे ना? गार म्हंजे सुखी. गाडी सुखी आहे तवर तुमी सुखी."

गाडी सुखी होती. आता मामा यादीवर सही करणार. ती सही म्हणजे तुर्भ्यात मोठी गोष्ट. ज्याच्या गाडीचं काम ते करत त्याला सहीची यादी मिळायची आणि ड्रायव्हर लोक ती कॅबिनमध्ये, देवाच्या फोटोशेजारी लावायचे. प्रणालीनं जागा पुसूनही ठेवली होती. पण मामा म्हणाले, "पयल्या खऱ्या कामाच्या दिवशी मी संगं येतो. मग सही." नवी गाडी असली की ते असंच करत.

तर तो दिवस. तळोजा. फाटकाच्या आत एका निंबाच्या झाडाखाली आम्हाला उभं केलं होतं. प्रणालीनं गाडी मागं घेतली ती अशी की वॉचमन शिट्टी वाजवायचीच विसरला. ग्राइंडर सुरू केला, गॅसवर तवे तापत ठेवले. सुट्टीला अजून वेळ होता. तेवढ्यात नोंदवहीत गाडीचं नाव लिहायला फाटकावर बोलावलं, म्हणून प्रणाली गेली. आणि वायरमन कोण असं विचारतील म्हणून मामाही गेले. गाडीत मी, ग्राइंडर आणि माझी पिशवी.

पिशवीत इस्त्री होती.

आता हसा. त्या दिवसासाठी मी नवं सुती पातळ नेसले होते, निळं, बारीक काठाचं. सानपाड्याहून तळोज्यापर्यंत मी पातेल्यांच्या आणि नारळाच्या पोत्याच्या मध्ये बसून आले, आणि उतरले तेव्हा त्या पातळाची अवस्था पाण्यातून काढलेल्या फडक्यासारखी. हे होणार हे मला आधीच माहीत होतं. यादी लिहितानाच माहीत होतं! मामा तीनदा 'अजून' म्हणाले, तिन्ही वेळा इस्त्री माझ्या जिभेच्या टोकावर आली होती आणि तिन्ही वेळा मी ती गिळली. सुनेसमोर कसं सांगायचं की सासूला नाश्त्याच्या गाडीत इस्त्री लागते? कारखान्याचे साहेब चव घ्यायला येणार होते. म्हटलं, घावन मी घालणार, लोक बघणार मला, आणि मी चुरगळलेली? एकसष्टावं वरीस धोक्याचं, दुसरं काय.

तांदळाच्या पोत्यावर चादर पसरली, पदर अंथरला, इस्त्री खोचली. दोन हात फिरवले असतील, इन्व्हर्टरनं शिट्टी मारली आणि सगळं थांबलं. मी बटण दाबलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा किंचाळलं. म्हटलं नवं आहे, लाजतंय. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा आतून 'टप्' असा एवढासा आवाज आला, आणि मग काहीच नाही. शिट्टीसुद्धा नाही. ग्राइंडर थांबला होता, त्यात अर्धे तांदूळ वाटलेले, अर्धे अख्खे.

मी इस्त्री पिशवीत कोंबली आणि पदर खांद्यावर टाकला. पदर मात्र झकास झाला होता.

प्रणाली धावत आली. तिनं ग्राइंडरकडं बघितलं आणि तिचा चेहरा असा उतरला की मला आजही आठवायला नको वाटतं. "आई, काय झालं?"

"मना काय माहीत? आपोआप बंद पडला."

मामा आले. फ्यूज बघितला, गेलेला होता. शेजारचा भाऊ काढून लावायला दोन मिनिटं पुरली असती. पण त्यांचा एक नियम होता. कारण कळल्याशिवाय फ्यूज बदलायचा नाही; फ्यूज मरतो तो निरोप देऊन, निरोप वाचल्याशिवाय दुसऱ्याला मारायचा नाही. ते उलटा हात घेऊन निघाले. केबल, गार. इन्व्हर्टर, कोमट. ग्राइंडर, कोमट. मिक्सर, गार. तिकडं कारखान्यातून माणसं बाहेर पडायला लागली होती. सुट्टी सुरू झाली होती. प्रणाली होतं तेवढं पीठ तव्यावर ओतत होती, घावन फाटत होते.

मामांचा हात फ्रीजवरून सरकला आणि माझ्या पिशवीला टेकला.

झटक्यात मागं घेतला त्यांनी. हाताच्या पाठीवर लाल चट्टा उठला. त्यांनी पिशवीकडं बघितलं. मग माझ्या पदराकडं. तो पांढऱ्या शर्टाचा माणूस. कडक घडी कशी दिसते हे त्यांना मी काय सांगणार? मी निंबाच्या झाडावर कावळे मोजायला लागले.

"मामा!" प्रणाली ओरडली. "काय आहे? कशानं झालं?"

मी डोळे मिटले. म्हटलं, आता संपलं.

"फ्यूजच कच्चा निघाला, पोरी," मामा म्हणाले. "माझा अंदाज चुकला. माझी चूक."

चाळीस वर्षं यादी केल्याशिवाय वायर न जोडलेला माणूस. ज्यानं सैल कड्यासाठी जेवण सोडलं. त्यानं ती तीन वाक्यं त्या भरल्या रांगेसमोर म्हटली. रांगेत माल घेऊन आलेले तुर्भ्याचे दोन-तीन ओळखीचे ड्रायव्हरही होते. एक जण म्हणालाच, "काय मामा, तुमचाबी फ्यूज उडतो का?" मामांनी मान डोलावली. दुसरा फ्यूज लावला. जाता जाता माझ्या कानाशी एवढंच बोलले, "सांगितलं असतं तर यादीत घातली असती, आक्का. ग्राइंडर थांबवला की बसत होती. जागा सोडली होती मी."

ग्राइंडर पुन्हा फिरायला लागला. आणि मग मी जे घावन घातले! तीन तवे, दोन हात. प्रणाली चटणी वाटून ताटल्या पुढं सरकवतेय, मामा शर्टाच्या बाह्या वर करून नारळ फोडतायत, मी पळी फिरवतेय. पहिल्यांदाच त्यांच्या शर्टावर काजळीशिवाय दुसरा डाग बघितला मी, नारळपाण्याचा. रांग संपता संपेना. साहेब आले, उभ्या उभ्या दोन खाऊन गेले, माझ्या पातळाकडं त्यांनी ढुंकून बघितलं नाही. शेवटचा माणूस ताटली घेऊन वळला, पहिला घास तोंडात घातला, आणि भोंगा वाजला! प्रणालीनं पिठाच्या हातांनी मला मिठी मारली. पदराची घडी गेली ती गेलीच.

जागा मिळाली. आजही तिथंच उभी राहते आमची गाडी.

आठवड्याभरात मामांनी गाडी बोलावून घेतली आणि फुकटात एक छोटा बदल करून दिला. ग्राइंडरच्या शेजारी एक बटण बसवलं. एका बाजूला केलं की ग्राइंडर चालायचा, दुसऱ्या बाजूला केलं की शेजारचं मोकळं सॉकेट. दोन्ही एकदम कधीच नाही. प्रणालीनं विचारलं, "हे दुसरं कशाला?" मामा म्हणाले, "जादा." मी कावळे मोजत होते. पण यादीवर सही काही त्यांनी केली नाही. प्रणाली दर वेळी मागायची आणि मामा दर वेळी म्हणायचे, "अपुरी आहे आजून. पुरी झाली की देतो." कॅबिनमधली पुसलेली जागा तशीच रिकामी. प्रणालीला वाटायचं, फ्यूजची चूक त्यांच्या मनाला लागलीय. आणि मी? मी तेव्हा बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट अशी वयात येत होते.

मग मामांचे गुडघे गेले. शेड एका ओळखीच्याला दिली आणि लेकीकडं जालन्याला कायमचं जायचं ठरलं. पेटी वजनदार, म्हणून आम्ही त्यांना पिकअपनंच एसटी स्टँडवर सोडायला गेलो. दुपारची गाडी होती. पेटी टपावर गेली. मामा खाली उभे, तोच पांढरा शर्ट, अंगात थोडा सैल झालेला.

प्रणाली सहज, प्रेमानंच म्हणाली, "मामा, तुर्भ्यात तुमचा एकच अंदाज चुकला, तोही आमच्या गाडीत. पण तो दिवस निभावला तुम्हीच."

मामा हसले. कंडक्टर घंटीला हात घालायला निघाला होता. आणि माझ्या लक्षात आलं, हा माणूस ती चूक बरोबर घेऊन जालन्याला चाललाय.

"त्यांचा अंदाज नव्हता चुकला," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "इस्त्री होती. माझी. पिशवीत. मी यादीत सांगितली नाय आन् तिथं खोचली. तीनदा बटन दाबलं."

प्रणाली म्हणाली, "माहीत आहे, आई."

"काय माहीत हाय?"

"आख्ख्या गाडीत एक पदर तेवढा कडक होता. बाकीचं पातळ चुरगळलेलं. मला काय दिसत नव्हतं?"

"मग बोलली नाय ती!"

"मामा बोलले नाहीत. मी कशी बोलणार?"

म्हणजे इतकी वर्षं दोघं मिळून मला सांभाळत होती, आणि मी शहाणी समजत होते की मीच दोघांना फसवतेय. असली हुशार बाई मी!

मामांनी खिशात हात घातला. घडी केलेला कागद काढला, घड्यांवर पिवळा पडलेला. आमची यादी. ती त्यांनी पेटीत टाकली नव्हती, खिशात ठेवली होती. एसटीच्या पत्र्यावर कागद टेकवून चौथ्या ओळीखाली टपोऱ्या अक्षरात पाचवी ओळ लिहिली: 'इस्त्री. आक्कांची. ग्राइंडर बंद असताना.' मग माझ्याकडं बघून विचारलं, "अजून?"

"नाय."

"अजून?"

"नाय ओ मामा."

"अजून काही?"

"एवढीच होती," मी म्हणाले, आणि डोळ्याला पदर लावला. मामांनी सही केली. कागद प्रणालीच्या हातात दिला.

घंटी वाजली. मामा कठड्याला धरून सावकाश चढले. त्यांची जागा मागं होती, पण ते आधी पुढं गेले, ड्रायव्हरच्या शेजारी. काचेतून आम्हाला दिसत होतं. वाकून त्यांनी इंजिनच्या झाकणावर उलटा हात ठेवला. ड्रायव्हर काहीतरी खेकसला. मामांनी डोळे मिटले, क्षणभर तसेच थांबले, मग ड्रायव्हरकडं बघून मान हलवली, चला म्हणून, आणि शर्टाची बाही सारखी करत मागं आपल्या जागेवर जाऊन बसले.